रविवारी बरणीला पीठ

१ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. निश्चय तीन. एक, घरी बीअर करायची. दोन, रडत बसायचं नाही. तीन, हिच्या बरणीला दर रविवारी पीठ घालायचं.
बरणी म्हणजे हिचं पावाचं खमीर. अकरा वर्षं जिवंत ठेवलं होतं. रविवारी एक वाटी पीठ, एक वाटी पाणी, मग झाकणावर हात ठेवून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. मी विचारायचो, पिठाने भागत नाही म्हणून देवालाही कामाला लावतेस का? ही नुसती हसायची.
ही जाऊन सात आठवडे झाले. गेल्या रविवारपर्यंत मुलगी इथे राहून पीठ घालत होती; महिनाअखेर येऊन बरणी नेणार. तोवर जबाबदारी माझी. तिने फोनवर दोनदा बजावलं. मी म्हणालो, इस्पितळाचा बॉयलर एकतीस वर्षं सांभाळला, बरणी काय चीज आहे!
पीठ संपलंय. उद्या आणून घालतो. नक्की.

६ मार्च
बीअरचं सामान आणलं. माल्ट, हॉप्स, यीस्टची पुडी, झाकणाची बादली. दुकानदार थर्मामीटर गळ्यात मारायला बघत होता. म्हणाला, काका, उकळलेला रस कोमट झाल्याशिवाय यीस्ट टाकू नका. उष्णतेबद्दल मला शिकवतो! घेतला नाही.
नाश्ता बिस्किटं. जेवण बिस्किटं. स्वयंपाकाचं लोक उगाच कौतुक करतात.
पीठ विसरलो.

८ मार्च, रविवार
बीअरचा श्रीगणेशा. रस उकळला, घरभर कडू वास. थंड व्हायची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. बोट घालून पाहिलं. चटका बसला, पण सोसला. यीस्ट टाकलं. बादली हिच्या शालीत गुंडाळली. ऊब लागते म्हणे. भावनेचा प्रश्न नाही.
बरणी राहिली. एखाद्या रविवारने काय बिघडतं?

९ मार्च
सकाळी ७.०० झाकण उघडलं. बुडबुडा नाही.
७.३० नाही.
८.१० नाही.

१२ मार्च
अजून नाही. शेजारचा प्लंबर म्हणाला, सारखं उघडून बघू नका, थोडा विश्वास ठेवा. ही पावाबद्दल हेच म्हणायची. माझा विश्वास फक्त प्रेशर गेजवर. त्याला सांगितलं, नळाचं पाणीच खराब आहे. जाताना तो नाचता येईना अंगण वाकडं असं काहीतरी म्हणाला. कोणाबद्दल, कळलं नाही.

१५ मार्च, रविवार
पीठ आणलं. बरणी उघडली. वर बोटभर करडं पाणी, खाली राखाडी चिखल. वास थेट दारूचा. मेलं. दोनच तर रविवार चुकले! इतकं नाजूक असेल असं कोणाला वाटेल?
बीअरचा पहिला नियम स्वच्छता. माझी बादली या बरणीमुळेच बिघडली असणार. बरणीतलं सगळं मोरीत ओतलं. बरणीत तीनदा उकळतं पाणी. आता आरशासारखी चकचकीत.
मुलीला सांगायला हवं. उद्या.

१८ मार्च
दुकानदाराशी भांडायला गेलो. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, यीस्ट उकडून मारलंत. मी बोलता बोलता बरणीचंही सांगितलं. त्याने हातातली पुडी खाली ठेवली. मग म्हणाला, काका, ते वरचं पाणी म्हणजे दारूच. खमीर उपाशी राहिलं की ते सुटतं. दोन दिवस पीठ घातलं असतं तर उठून बसलं असतं.
उपाशी होतं. मेलं नव्हतं.
बीअर ओतून दिली. शालीला हिचा वास होता, आता माल्टचा आहे.

२२ मार्च, रविवार
रिकाम्या बरणीत एक वाटी पीठ, एक वाटी पाणी कालवलं. झाकणावर हात ठेवला. काय पुटपुटायचं ते माहीत नाही. अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. शेवटी माफ कर म्हणालो. कोणाला म्हणालो, ते ठरवलं नाही.
मग खूप रडलो. निश्चय क्रमांक दोन रद्द.

२८ मार्च
मुलगी आली. सगळं खरं सांगायचं ठरवून दाढीबिढी करून बसलो होतो. तिने बरणी उघडली, वास घेतला, डोळे भरले. म्हणाली, अगदी आईच्या ओट्याचा वास. बाबा, खरं सांगू, तुम्ही सांभाळाल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, दर रविवारी, एक वाटी.
गाडीत तिने बरणी मांडीवर घेतली. वर पट्टाही बांधला.
फोनवर सांगेन. समोरासमोर अशा गोष्टी बोलवत नाहीत.

५ एप्रिल, रविवार
तिचाच फोन आला. दोनदा पाव केला, दोन्ही वेळा दगड. रडत होती. म्हणाली, खमीर आईचंच आहे, म्हणजे चूक माझीच. आईचा हात नाही हो आला मला.
सांगायला तोंड उघडलं. आणि म्हणालो, होतं असं सुरुवातीला.
ओट्यावर एक वाटी पीठ काढून ठेवलंय. रविवारची सवय लागली आता. बरणी नाही.
उद्या तिला फोन करतो. नक्की.