दगडातली पांढरी शीर

आये,

तू गेलीस तेव्हा मी रसायनशास्त्र शिकत होते. त्या शिकण्याचं पुढे काय झालं, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. आता मी मिठबावला आपल्याच घरात राहते. दोन वर्षांपूर्वी वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, एका कंपनीने दोन खोल बोअर मारल्या. फार खाली कातळ गरम आहे आणि त्याला भेगा आहेत. एका बोअरमधून पाणी आत ढकलायचं, भेगांतून फिरून ते तापलं की दुसरीतून वर घ्यायचं आणि त्या उष्णतेवर आंब्याची साटं नि मासे सुकवायचे, असा बेत होता. अडचण एकच. तापलेल्या पाण्यातले क्षार भेगांत साचतात, त्यांचा पांढरा थर धरतो आणि पाण्याच्या वाटा बुजतात. तो थर धरू नये म्हणून पाण्यात काय मिसळावं, हे तपासायला त्यांना माणूस हवा होता. घराजवळ काम मिळालं म्हणून मी पुण्याहून आले.

सड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी प्रयोगशाळा. त्याच कातळाच्या पातळ चकत्या पोलादी नळ्यांत ठेवायच्या, वर एकेक मिश्रण ओतायचं आणि नळ्या भट्टीत तापवायच्या. बहुतेक मिश्रणं गढुळली. एक मात्र नितळ राहिलं. कंपनीचे साहेब खूश झाले. मी त्या नळीतली चकती बाहेर काढली, तर काळ्या दगडातून आडवी गेलेली पांढरी शीर नाहीशी झालेली, आणि चकती हातात घेताच तिचे दोन तुकडे झाले.

त्या क्षणी मला आपली न्हाणी आठवली. तू अंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण घासते आहेस. आतला चुन्याचा जाड थर कोकमाच्या सोलांनी चोळून काढते आहेस आणि मी दारात उभी आहे. भाण आतून लखलखतं. तू पाणी भरतेस, चूल पेटवतेस, आणि खालून थेंब पडून निखारे चर्र करतात. ‘‘ह्या चुन्यानच भोक धरून ठेवल्यान होता!’’ तू कपाळावर हात मारतेस आणि वर मलाच ओरडतेस, ‘‘बघीत काय रवलंस? धाव, बालदी हाड!’’

मी साहेबांकडे दोन्ही तुकडे घेऊन गेले. म्हटलं, ‘‘हे मिश्रण नवा थर धरू देत नाही, पण जुनाही खाऊन टाकतं. खाली अशा शिरांनी किती भेगा मिटवून ठेवल्यात, आपल्याला ठाऊक नाही. समुद्र इथून हाकेवर आहे, त्या उघडल्या तर खारं पाणी आत येईल. आणखी तपासू या.’’ साहेब मोकळेपणी हसले. ‘‘मॅडम, भेगा मोकळ्या राहाव्यात म्हणूनच तुम्हाला आणलंय ना?’’ मी लेखी दिलं. त्यांनी ते ठेवून घेतलं आणि पंप सुरू केले.

सुरुवातीला सगळं छान चाललं. गरम पाणी धो धो वर आलं, पेढे वाटले गेले. मग हळूहळू पंपाला जोरच लागेनासा झाला. आत ढकललेलं पाणी कुठे तरी सहज निघून जात होतं, आणि वर येणारं दिवसेंदिवस थंड होत होतं. एका दुपारी शेजारची काकी आपल्या विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन पडवीत आली. तुझ्याबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची तीच काकी, आता पार वाकली आहे. ‘‘जरा चाखून बघ गो. माजी जीब बिघडली काय पाणी बिघडला?’’

बाजारातून आलीस की पाटी खाली ठेवून तू आधी याच विहिरीचं पाणी प्यायचीस, उभ्यानेच. मी चाखलं. खारट होतं. शेडमध्ये नेऊन तपासलं, तर मिठाबरोबर आमचं मिश्रणही सापडलं, अगदी थोडं, पण होतं.

मी ग्रामसभेत गेले आणि सगळं सांगितलं. सांगत असताना माझ्या मोबाइलवर साहेबांचे फोन येत राहिले. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका सड्यावर जाऊन पंपासमोर बसल्या, मीही बसले. संध्याकाळपर्यंत पंप बंद झाले. माझं काम गेलं, महिन्याभरात शेडही गेली. त्याचं मला काही वाटलं नाही.

पण विहीर सुधारली नाही. आता टँकर येतो, त्याच्यापुढे रांग लागते. गेल्या आठवड्यात मी विहिरीच्या कठड्यावर बसून होते. समुद्राला भरती लागली तसं विहिरीचं पाणी चढू लागलं. ओहोटीला उतरलं. रोज पाहते, रोज तेच. आवाज नाही, काही नाही. नुसतं चढतं आणि उतरतं.

आज सकाळी रांगेत काकीने विचारलं, ‘‘पंप बंद केल्यानी मां? मगे पाणी परत गोडा होतला मां गो?’’

‘‘होतला, काकी,’’ मी म्हटलं. तिने माझ्या दंडावरून हात फिरवला.

हे लिहून मी कुठे पाठवणार? तुझ्याजवळ बोलावंसं वाटलं, एवढंच. आये, कातळात तशी शीर पुन्हा धरायला किती काळ लागतो, ते मला माहीत आहे. काकीला सांगायचं धाडस झालं नाही.