येतो म्हणाला होता

१५ नोव्हेंबर १९५३, रविवार

आलं एकदाचं! ‘दिवा विझल्यावर’. वाचनालयाच्या बापूंनी शब्द पाळला, पहिला नंबर माझा. मागे शेजारच्या कुसुमताई, पोस्टातले देसाई, आणखी कोण कोण. बापू म्हणाले, “बाई, लवकर परत करा, नाहीतर कादंबरीतला खून राहील बाजूला, लोक माझाच करतील.”

‘खाडीवरचा दिवा’चा हा दुसरा भाग. तीन वर्षं अख्खी डोंबिवली वाट बघत होती. मिठागराच्या मालकाचा खून होतो, त्याच दिवशी मुनीम वसंता नाहीसा होतो. इन्स्पेक्टर कर्णिकांना सगळं उलगडतं, वसंता कुठे गेला तेवढं सोडून. पुस्तक संपतं त्याच्या बायकोवर. यमू दारात उभी. निघताना तो ‘येतो’ म्हणाला होता, एवढंच तिच्या हाती.

आमचे हेही ‘येतो’ म्हणूनच गेले. पहिला भाग आला त्याच वर्षी. मी शाळेत शिकवत होते, घरात एकट्या सासूबाई. त्यांनीच संध्याकाळी सांगितलं, कल्याणला काम आहे म्हणाला, ‘येतो’ म्हणाला. मग कल्याणलाही नाहीत, मुंबईलाही नाहीत. तेव्हापासून यमू माझी. तिचं पुढे काय होतं ते मला कळायलाच हवं.

१६ नोव्हें.

शाळेतून आल्या आल्या वाचन. आईंच्या (सासूबाईंच्या) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मी मोठ्याने वाचते, त्या हातानेच चाचपत वाल सोलतात. कुसुमताई लोकरीचं विणकाम घेऊन. दूध घालणारी सखू पायरीवर, किटली बाजूला.

पहिल्याच पानावर ठेच. लेखकाने वसंता निघतो तो प्रसंग पुन्हा सांगितलाय. आणि काय लिहावं? “‘जातो,’ वसंता म्हणाला.”

जातो!

कु.ताई म्हणाल्या, “छापायची चूक असेल हो.” ‘ये’चा ‘जा’ करणारा कंपोझिटर मला दाखवा म्हटलं. सखू तर उठून उभीच राहिली. “जातो कोन बोलतंय गो? मराला निघाला का?”

फडताळातून पहिला भाग काढला. शेवटचं पान. ‘येतो’. स्वच्छ ‘येतो’. म्हणजे या गृहस्थाने स्वतःचंच पुस्तक उघडून बघितलं नाही! ज्या एका शब्दावर आम्ही बायका तीन वर्षं विहिरीवर भांडलो, तो याच्या लक्षातही नाही. लाल पेन्सिल घेतली आणि ‘जातो’वर काट मारून वर ‘येतो’ लिहिलं. वाचनालयाचं पुस्तक आहे, असू दे.

आईंनी वाल बाजूला सारले. मग म्हणाल्या, “आज पुरे. डोळे दुखतात.” ऐकताना डोळे कसे दुखतात?

१८ नोव्हें.

संपलं. न वाचते तर बरं.

दुसऱ्या प्रकरणात वसंताचं प्रेत खाडीत. शेवटी कर्णिक यमूच्याच हातात बेड्या घालतात. म्हणे तिनेच त्याला घातलं विष, आणि दारात उभी राहायची ते लोकांना दाखवायला. ते उभं राहणं खोटं! कु.ताईंनी विणकाम गुंडाळलं आणि गेल्या. सखूने लेखकाला जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

वाचनालयातही गलका. देसाईंनी घाई करून माझ्याकडून शेवट ऐकला आणि खुर्चीत बसले. “म्हणजे तीन वर्षं आपल्याला मूर्ख बनवलं.” बापू समजूत काढत होते, लेखकाची मर्जी, त्याचं पुस्तक. मी म्हटलं, यमू त्याच्या एकट्याची होती का? इतकी चिडले की आवाज चिरकला. शाळेतल्या मुलींनी पाहिलं असतं तर...

२१ नोव्हें.

ठाण्याहून दादा आला. माझा थोरला भाऊ, आला की एकच पालुपद. ठाण्याला चल, वहिनीने खोली रिकामी केलीय, तिथल्या शाळेत जागा आहे, आणखी किती वर्षं बसणार आहेस? दरवेळी माझं उत्तर ठरलेलं, ‘येतो’ म्हणून गेलेत. आज हसून म्हणाला, “वाचला मी दुसरा भाग. तुझ्या यमूचा वसंता आला का?”

अंगाचा तिळपापड झाला. पुस्तकातलं पुस्तकात, म्हटलं. पण तीन वर्षं त्या पुस्तकाचा दाखला मीच देत आलेय, हे तो विसरलेला नाही.

एवढ्यात आतून आई: “घेऊन जा बाबा तिला.”

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी आतल्या दाराकडे. आजवर याच माउलीने त्याला दारातून परत धाडलंय, माझा मुलगा येणार आहे, ही कुठे जायची नाही म्हणून.

२२ नोव्हें., रविवार

विचारलंच. त्या तांदूळ निवडत होत्या.

“आई, दादाला काल असं का म्हणालात?”

त्या निवडतच राहिल्या.

“हे निघताना काय म्हणाले होते?”

सूप खाली ठेवलं. “जातो म्हणाला. मी म्हटलं, अरे जातो काय, येतो म्हण. नुसता हसला. चपला घातल्यान् आणि गेला.”

“मग मला...?”

“तू शाळेतून दमून आलेलीस. काय सांगायचं होतं तुला? एकदा सांगितलं, मग तेच सांगत राहिले. पुढे पुढे मलाच खरं वाटायला लागलं गं.”

एक शब्द बदलला म्हणून मी त्या लेखकाशी गावभर भांडले. आणि इथे, रोज माझ्या हातचं जेवणाऱ्या बाईने...

फसवलं. आमच्या यांनी तर आधीच, हसून निघून जाऊन. पण आईंचं जास्त लागलं. लेखक कोण कुठला, त्याला मी ओळखतही नव्हते. रडायला येत नाही, नुसता संताप. स्वयंपाक केला, वाढलं, बोलले नाही.

२३ नोव्हें.

शाळा. मधली सुट्टी. मुली बाहेर लंगडी खेळताहेत, मी वर्गात बसून लिहितेय.

येताना पुस्तक परत केलं. बापूंना लाल पेन्सिल दिसली. “बाई, तुम्हीसुद्धा?” खोडरबर घेऊन बसले माझा ‘येतो’ पुसायला. पान फाटायची वेळ आली, तरी निघेना. राहू द्या म्हटलं.

पिशवीत वह्यांखाली दोन पातळं टाकलीत. शाळा सुटल्यावर स्टेशनवर जायचं की घरी, ठरलेलं नाही. घरी गेले तर संध्याकाळी तांदूळ निवडायला मीच बसायचं. त्यांना खडे दिसत नाहीत. काल आमटीभातात दोन लागले, मी बोलले नाही, त्याही नाहीत.

रोज निघताना मी म्हणते, “येते, आई.” त्या आतूनच म्हणतात, “ये.” आज मी काही न म्हणता उंबरा ओलांडला. त्यांना कळलं. भिंतीला धरत धरत दारापर्यंत आल्या.

“येते म्हण गं. नुसतं म्हण.”

मी चपला घातल्या. हसले मात्र नाही.