गेणबाच्या जीपचा हॉर्न

मु. शेळकेवाडी, ता. मुळशी
१२ जानेवारी २०२४

ती. स्व. नथूदादास,
धाकटी बहीण सारजा हिचा शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, समदं ठीक हाय. फोनच केला असता, पर तुझा शेखर म्हणाला, आत्या, बाबांना फोनवरचं आता काहीच कळत न्हाई. म्हणून लई वर्सांनी पेन धरलंय. चुका काढत बसू नकोस.

काम असं हाय. हे गेल्यावर जीप पावसाळाभर छपराखाली उभी होती. आता माझा पुतण्या सुनील ती पौडपर्यंत पाशिंजरला चालवतो. तू जुन्या लॉरीचा काढून बसवून दिलेला हॉर्न तिला अजून हाय, पर गंजलाय. पयला म्हशीवाणी हंबरायचा, आता घसा बसलेल्या कोंबड्यावाणी करतो. सुनील म्हणाला, काकी, हा टाकून गाण्याचा नवा बसवू. मी त्याच्यावर खेकसले.

हे घाटाच्या वळणाला हॉर्न द्यायचे आन हितं मी चहाचं आधण ठेवायचे. तीस वर्सं तसंच चाललं. आता संध्याकाळ झाली की कान उगीच तिकडं लागतात. तो आवाज एकदा तरी यावा वाटतं. पौडच्या मिस्त्रीनं असला हॉर्न बघितलेलाच न्हाई. तू लिहून कळव, मी करीन. शिवणाचं मशीन माझं मीच खोलते.

बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सारजा

---

महाळुंगे
१९ जानेवारी २०२४

चि. सारजास अ. उ. आ.

सवयीनं ‘चि. सौ.’ लिहायला गेलो आणि हात थांबला. गेणबा गेला हे मला अजून असं मधूनच कळतं.

आता नीट वाच. आधी हॉर्नचा नटबोल्ट आवळ. पत्रा ढिला असला तरी आवाज फाटतो. मग मागचं झाकण काढ. आत दोन पॉइंट एकमेकांना चिकटलेले दिसतील. बॅटरीची वायर काढून ते बारीक पॉलिश पेपरनं पुस. पुसून झाले की वायर परत लाव. मागे एक स्क्रू आहे, त्यावर नट. नट सैल करून स्क्रू पाव आटा फिरव आणि बटण दाब. नुसती टकटक झाली तर पुरता आवळलेला नाही. काहीच वाजलं नाही तर जास्त आवळलास. बटण धरून ठेवू नकोस, कॉइल जळेल. घाईही करू नकोस. मला एकेका हॉर्नला अर्धा दिवस लागायचा.

पुढचं सांगता येत नाही, ते कानाचं काम आहे. आवाज छातीत उतरला की थांब.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. शेखर आणि सूनबाई सकाळी ऑफिसला जातात. मी अकराव्या मजल्यावर खिडकीत बसतो. खाली रस्ताभर गाड्या असतात, पण नुसत्या सरकतात. कोणती गाडी कशी वाजते ते मी आठवून आठवून लावतो. तुझ्या पत्रानं चार दिवस हाताला काम मिळाल्यासारखं झालं. झालं की लगेच कळव.

ख्यालीखुशाली लिहीत जा, विसरू नकोस.
तुझा नथूदादा

---

शेळकेवाडी
२ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. नथूदादास शि. सा. नमस्कार.

झालं! पयल्या दिवशी नुसती टकटक, दुसऱ्या दिवशी मुका. सुनील वैतागून म्हणाला, काकी, सोडा आता. तिसऱ्या दिवशी पाव आट्याचाबी पाव फिरवला आन असा हंबरला की शेजारच्या गोजराबाईच्या कोंबड्या ओट्यावरनं उडाल्या. मी स्टेरिंगला धरून लई येळ बसले.

पर दादा, पुढचं आइक. गुरवारी संध्याकाळी वळणावरनं आवाज आला. अगदी तोच. मी आधण ठेवलं, दोन कप काढले आन दारात गेले. तवा ध्यानात आलं. हे दोनदा तोडून द्यायचे, सुनील एकदाच लांब देतो. आवाज तोच हाय, पर हात दुसरा.

सुनीलनं माझं तोंड बघून विचारलं, काकांवाणी दोनदा देत जाऊ का? मी म्हणाले, न्हाई रं बाबा, तू तुझ्यासारखाच दे. मग त्यालाच चहा पाजला. खेकसले त्याचंबी वाईट वाटलं व्हतं.

त्या रातीला कळलं, मला हॉर्न नको व्हता, कोणीतरी घरी यायला हवं व्हतं. दिवसाकाठी माझा शब्द कुणाच्या कानावर पडत न्हाई. तू हितं येऊन ऱ्हा. चार दिस म्हणत न्हाई, ऱ्हायलाच ये.

येवढं मागणं मोडू नकोस.
सारजा

---

महाळुंगे
९ फेब्रुवारी २०२४

चि. सारजास अ. उ. आ.

तुझं पत्र शेखरला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर त्यानं कागदावर लिहून विचारलं, बाबा, आमचं काही चुकलं का? मी खाली लिहिलं, नाही रे, दिवस फार मोठा असतो. त्याचे डोळे भरले. रविवारी तोच मला आणून सोडणार आहे.

एक आधीच सांगतो. शेळकेवाडीला आलो म्हणून माझे गेलेले कान परत येणार नाहीत. इथं चौघं हसली की मी विचारतो, काय झालं? मग कोणीतरी हात हलवून ‘काही नाही’ म्हणतं. वाईट मनानं नाही गं, परत परत सांगून माणूस थकतं. तूही थकशील. तरी मी विचारणार. तू माझ्यासमोर बस, तोंड उजेडाकडे कर, आणि पुन्हा सांग.

तुझा, रविवारी येणारा,
नथूदादा