शिडीवरून पडणारा माणूस

१० फेब्रुवारी १९८६, आरमोरी

किळस आली आज! शाळेत सरकारी संगणक आला आणि हेडमास्तरांनी त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. पोरांनी चपला काढून दारातूनच पाहायचं. मी म्हटलं, "सर, हे यंत्र आहे, देव नाही." ते हसले — "रामटेके, खोबरं तरी खाता की तीही अंधश्रद्धा?"

नाही खाल्लं.

१३ फेब्रुवारी

आठवीला संगणकावर गणिताची कॅसेट लावली. सगळं इंग्रजीत! एक गणित, खाली चार उत्तरं. एकाचा आकडा दाबायचा. बरोबर आलं तर पडद्यावर एक कोरडा शब्द. चुकलं तर शिडीवरचा माणूस धाडकन खाली, वर भोंगा! पोरं मुद्दाम चुकतात. सुकलू ओरडत होता — "पाड त्याले, पाड अजून!"

चुकीला तमाशा आणि बरोबरला दुर्लक्ष. कुणा गाढवाने बनवलं हे?

दोन मार्चला चंद्रपुरात शिक्षकांची सभा आहे. ही खेळणी परत घ्या म्हणून असा बोलणार आहे की मंच हादरला पाहिजे. वर्गाला शिक्षकाची वाणी पुरते.

२१ फेब्रुवारी

आठवीतल्या रंभाचे वडील वारलू आले. "सर, खरं सांगा, पोरीले काही येते का? नाई तं घरी नेतो. मोहफुलं वेचाले हात कमी पडून राह्यले."

खरं तेच सांगितलं. तीन वर्षांत माझ्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलेलं नाही. उभी राहते, खाली बघते.

"मंग हा महिना भरू द्या. नेतो."

वाईट वाटलं. पण खोटं कसं बोलू?

२२ फेब्रुवारी

भाषण लिहून झालं. जहाल झालंय.

२६ फेब्रुवारी

रंभा यंत्रापुढे बसली. वीस गणितं आणि वीस वेळा माणूस पडला! वर्ग हसून लोळला. तीही हसत होती! माझं डोकं फिरलं. "वीसपैकी वीस चूक! लाज नाही वाटत?" लगेच मान खाली.

२७ फेब्रुवारी

सुकलू आज म्हणाला, "सर, आमी पाडाले जातो तं मधातच एखादं बरोबर लागून जाते. रंभाचं एकबी नाई लागलं! कसं काऊन?"

फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबला.

रंभाला बोलावलं. तीच वीस गणितं कागदावर दिली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. वीसच्या वीस बरोबर. म्हणाली, "चुकीचं दाबाले आधी बरोबर कोन्तं ते पाहा लागते नं, सर."

२८ फेब्रुवारी

विचारलं — मग तीन वर्षं गप्प का?

म्हणाली — "मशीनवर चुकली तं तो मानूस पडते. तुमच्या तासाले तुमी मलेच पाडता."

भाषण फाडलं. वारलूच्या घरी निघालोय.