अधांतरी फेटा

वाटूर, २१ जुलै २००२

आदरणीय साहेबराव दाजींस, वाटूरहून काकासाहेबाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण त्याविरुद्ध मी हसनाबादच्या सभेत दीड तास बोललेलो आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? द्वारकाअक्काची खुशाली तिलाच विचारली असती, पण मे महिन्यापासून अक्का आमच्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण मीच.

मुलीच्या लग्नात कुणालाही फेटा बांधायचा नाही, हा माझा हुकूम. भर मांडवात माइक धरून मी गरजत होतो की डोक्यावरच्या कापडानं माणूस मोठा होत नसतो. समोर तुम्ही, आमच्या घरचे थोरले जावई, बोडक्या डोक्यानं बसलेले. माझं भाषण रंगात आलं आणि तुम्ही अक्कासकट उठून, न जेवता, टेंभुर्णीला निघून गेलात. मला टाळ्या मिळाल्या. (मोजक्याच.)

पुढचा पराक्रम ऐका. शूटिंगवाला मच्छिंद्र म्हणाला, "काका, बिलकुल टेन्शन घेऊ नका. कॉम्प्युटरवर दाजींला फेटा बांधून देतो. खरा का खोटा, कळणार बी न्हाई." दिखाऊपणावर वीस वर्षं तोफा डागणाऱ्या मी लगेच विचारलं, रंग कोणता देशील? गुलाबी ठरला, तुऱ्यासकट.

सीडी आली. सगळी भावकी टीव्हीपुढे बसली. फेटा झकास दिसत होता, तुम्ही शिंकेपर्यंत. तुमची मान खाली गेली, फेटा होता तिथंच राहिला. मग तुम्ही उठून चालू लागलात, तरी फेटा खुर्चीच्या वर हातभर अधांतरी! इतक्यात कॅमेरा माझ्याकडे वळला आणि फेटा बराबर माझ्या टकलावर येऊन बसला. खाली माझं तोंड गरजतंय, कापडानं माणूस मोठा होत नसतो! आमची कारभारीण तुळजाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता कुठं माणसात आल्यावानी दिसून राह्यलेत."

भावकी लोळून हसली. मीही हसलो. पण दाजी, त्या फेट्याखालची रिकामी खुर्ची काही डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमचा भाषणबाज मेहुणा,
काकासाहेब

ता.क. पंचमी जवळ आली. अक्काला घेऊन या. चौकात, सगळ्यांसमोर, मी स्वतः तुम्हाला फेटा बांधीन. (चार दिवस घागरीवर सराव चालू आहे. घागर अजून रुसलेली नाही.)

आणखी एक. हा फेटा खरा आहे. मान हवी तशी हलवा, फक्त नकारार्थी तेवढी नको.