नऊ नावांचा कागद

मंगळवार, ७ मे

आजपासून मी अधिकृतपणे या गावची झाले. नगरपालिकेतले कारकून खारालांबोस यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवून खात्री करून दिली: असिमिना, स्त्रातिसची बायको, वय सव्वीस. शाई ओली होती. टिपकागद दाबत ते म्हणाले की आता हे नाव काढायचं तर लाल शाई लागेल, आणि लाल शाई आम्ही फक्त मेलेल्यांसाठी वापरतो. मी मनापासून हसले.

बोट सकाळी धक्क्याला लागली. आयुष्य डोंगरात गेलं, समुद्र एवढा रुंद असेल असं वाटलं नव्हतं. जुन्या बंदरात व्हेनिसवाल्यांनी बांधलेल्या दगडी कमानी आहेत. त्यातल्या एकीत स्त्रातिस नावा दुरुस्त करतो. पाइनच्या तुळया घ्यायला तो आमच्या गावी आला, दोनदा उगाचच आला, आणि ईस्टरनंतर लग्न झालं. घर कमानींच्या मागच्या गल्लीत आहे. सासूबाई एव्हांथिया यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांनी बोटांनी माझा चेहरा चाचपला आणि शेजारच्या तासूलाला सांगितलं, "डोंगरातली शेळी आहे, पण हाडं मजबूत आहेत."

स्त्रातिस बिजवर आहे हे मला ठाऊक होतं. पहिली बायको मिर्सिनी तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. मेलेल्या बाईचा कसला जाच, असं मीच आईला समजावलं होतं.

रविवार, १२ मे

आमच्या नावेचं नाव मिर्सिनी आहे. निळ्या रंगात, हातभर लांब. मी विचारलं, बदलायचं नाही का? स्त्रातिस म्हणाला, नावेचं नाव बदललं तर ती रुसते.

शेजारची तासूला रोज काहीतरी सांगून जाते. मिर्सिनी रोझमेरी घालून गोगलगायी परतायची तेव्हा गल्लीतले पुरुष वास घेत दारात उभे राहायचे. मिर्सिनी हसली की धक्क्यावर ऐकू यायचं. काल मी गोगलगायी केल्या. स्त्रातिसने अर्धी थाळी खाल्ली आणि चांगल्या झाल्यात म्हणाला. अर्धी थाळी.

खिडकीत तिच्या तुळशीची कुंडी आहे, नुसत्या वाळक्या काड्या. सासूबाई फेकू देत नाहीत. आज चर्चनंतर स्त्रातिस तिच्या कबरीवरच्या दिव्यात तेल घालायला गेला आणि तासाभराने आला. दिव्यात तेल घालायला तास लागत नाही.

शुक्रवार, २४ मे

पाद्रीबाबा नेक्तारिओस यांनी काल दिवस पक्का केला. पंधरा जूनला मिर्सिनीची कबर उघडायची. तीन वर्षं भरली. इथे जमीन कमी, सगळ्यांनाच जागा सोडावी लागते. हाडं वर काढून वाइनने धुवायची, पेटीत ठेवायची, पेटीवर नाव लिहायचं. हाडं मेणासारखी पिवळी निघाली तर जीव शांत झाला म्हणायचं. पहिला हात घरच्या सुनेने लावायचा असतो. म्हणजे मी. तिची कवटी मी मांडीवर घेऊन धुवायची आणि सगळं गाव बघणार.

मी बरं म्हटलं. रात्रभर दात आवळून पडले होते, सकाळी जबडा दुखत होता.

गुरुवार, ३० मे

परवा मृतांचा शनिवार. प्रत्येक घर पाद्रीबाबांना एक कागद देतं. एका बाजूला जिवंतांची नावं, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची. आडनाव नाही, नुसती नावं. जिवंतांची यादी ते आतल्या पडद्याआड पुटपुटतात. मेलेल्यांची मोठ्याने वाचतात, आणि नाव आलं की घरची माणसं मान खाली घालतात.

सासूबाईंना दिसत नाही म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. आमच्या घरचे मेलेले नऊ. नववी मिर्सिनी. स्त्रातिस माझ्या शेजारी उभा राहून तिच्या नावाला मान खाली घालणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं.

मी तिचं नाव जिवंतांच्या बाजूला लिहिलं. पुटपुटू दे पडद्याआड. पण सासूबाई बोटांवर मोजतात, नऊ भरायला हवेत. म्हणून नवव्या जागी माझ्या आजीचं नाव घातलं. आजी वारली आहे, तेव्हा खोटं काही नाही. रिवाजाप्रमाणे तिचंच नाव मला ठेवलंय.

शनिवार, १ जून

पाद्रीबाबांनी आठ नावं वाचली. मग म्हणाले, असिमिना.

सगळं चर्च वळून माझ्याकडे बघू लागलं. मी हळूच म्हणाले, माझी आजी. तासूला छातीवर क्रूस काढत बसली. स्त्रातिसने मान खाली घातली. त्याला मी आजीचं सांगितलंच नव्हतं.

घरी येताना सासूबाईंनी विचारलं, "आणि आपली पोर गं?" मी म्हटलं, पाद्रीबाबांच्या वाचण्यातून सुटली असेल. त्या वाटभर बोटांवर मोजत राहिल्या.

मंगळवार, ४ जून

तुळशीला पालवी फुटली आहे. मी पाणी घातलं नव्हतं.

धुणं घरी आणून ठेवलेलं असतं, घड्या घालून. माझी घडी अशी नसते. सासूबाई गुणगुणतात, आधी कधी गुणगुणत नव्हत्या. दुपारी नळावरून आले तर चुलीवर गोगलगायी, रोझमेरीचा वास गल्लीभर. स्त्रातिसने तीन थाळ्या खाल्ल्या. भाकरीने ताट पुसलं आणि म्हणाला, "आता जमलं बघ तुला."

मी केल्या नव्हत्या. पण सांगितलं नाही. ते कौतुक मला हवं होतं. दुसरीचं असलं तरी.

शुक्रवार, ७ जून

बेकरीत माझ्यामागून आलेल्या तिघींना पाव मिळाला. मी दोनदा मागितला. बेकरीवाल्याने दार लावून घेतलं, गार वारा येतोय म्हणाला.

नगरपालिकेत गेले. खारालांबोस जेवायला गेले होते, वही उघडीच होती. माझ्या नावावर रेघ आहे. लाल. शाई ओली होती, बोटाला लागली.

सोमवार, १० जून

पाद्रीबाबांकडे सगळं कबूल केलं. ते माझ्या डाव्या खांद्यापलीकडे बघत ऐकत होते. कागद त्यांनी रिवाजाप्रमाणे जाळलाय. म्हणाले, तुझ्या नवऱ्याने कबरीवर येऊन खरं नाव घेऊन प्रार्थना करवली तर दुरुस्त होईल. शनिवारच्या आत. हाडं धुऊन पेटीवर नाव चढलं की मग माझ्या हातात काही नाही.

फक्त स्त्रातिसने एकदा म्हणायचं आहे, मेलेली ती मिर्सिनी. एवढंच.

बुधवार, १२ जून

त्याला सांगते — तो ऐकत नाही. म्हणजे ऐकूच येत नाही. पलंगावर माझ्या जागी खळगा आहे आणि मी खुर्चीत बसलेय.

आज धक्क्यावरून हसणं ऐकू आलं. इतकं छान हसते ती. मला कधी असं हसता आलं नाही.

गुरुवार, १३ जून

कमानीत गेले. पेटी तयार आहे. स्वतःच्या हाताने केली त्याने, माझ्या गावच्या पाइनची. नाव रंगवत होता. निळा रंग, नावेवर आहेत तशीच अक्षरं. मी खांद्यावरून वाकून वाचलं.

असिमिना.

तो रडत होता. माझ्यासाठी. पहिल्यांदाच, माझ्या एकटीसाठी —

त्याला थांबवायला हवं होतं मी. थांबवलं नाही. रंग पुरा होईपर्यंत बघत बसले.

शुक्रवार, १४ जून

गुडघे वळत नाहीत. तोंडात मातीची चव. कालच्या आनंदाची लाज वाटते. मला जगायचंय. ओरडले. सासूबाईंनी मान वर केली, क्षणभर — मग म्हणाल्या, "मिर्सिनी, खिडकी लाव बाई, उंदीर आहे कुठेतरी."

शनिवार, १५ जून

सकाळी निघाले सगळे. वाइनची बाटली, पांढरा टॉवेल, पेटी. ती माझा लग्नातला रुमाल बांधून त्याच्या हाताला धरून. दारात वळून माझ्याकडे बघितलं तिने. तिलाच दिसते मी.

खोलीत अंधार झालाय. दिवसाचे दहा.

छतातून माती पडतेय. वर कुदळ — एक घाव, थांबतात, पाद्रीबाबा काहीतरी म्हणतात, पुन्हा —

उजेड. थोडासा. स्त्रातिसचे बूट.

आता धुतील. पहिला हात घरच्या सुनेने लावायचा असतो, आणि ती बाह्या वर करतेय, वाकतेय, तिची बोटं माझ्या