डोक्यावरचा कॅमेरा

२ मार्च
दोनशेवी उडी झाली. उतरताना बसलो, पण उतरलो.

क्लबचा नियम असा की विमानातून दोनशे उड्या मारल्याशिवाय हेल्मेटवर कॅमेरा लावायचा नाही. हा नियम खरं तर इतरांसाठी होता. तरी चार वर्षं निमूट पाळला. आजपासून मी मोकळा.

उड्या काय, कुणीही मारतं. त्या टिपायला नजर लागते, आणि नजर हा माझा धंदाच आहे. चष्म्याच्या दुकानात अर्धं आयुष्य गेलं. 'आता नीट दिसतंय का?' हे वाक्य दिवसात जितक्या वेळा म्हणतो, तितक्या वेळा लोक देवाचं नाव घेत नसतील.

संकल्प: उन्हाळ्याआधी क्लबचा अधिकृत कॅमेरामन व्हायचं.

३ मार्च
बायकोला सांगितलं. ती ड्रायव्हिंग शिकवते. मी बोलत असताना तिचा पाय टेबलाखाली ब्रेक शोधत होता. म्हणाली, फोनमध्ये कॅमेरा आहे ना? मी शांतपणे समजावलं की आकाशात फोन हातात धरता येत नाही. ती म्हणाली, गाडीतही धरता येत नाही, तरी लोक धरतात.

होकार समजतो.

५ मार्च
साडूंचा फोन. मेहुणीने सांगितलेलं दिसतं. साडूंकडे घरातल्या एका भिंतीएवढा टीव्ही आहे, त्यामुळे चित्र या विषयातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. म्हणाले, घ्या घ्या, फिल्म झाली की आमच्याकडे आणा, मोठ्या पडद्यावर बघू. आवाजात खोचकपणा होता. मी म्हटलं, जरूर.

९ मार्च
दुकानात गेलो. विक्रेता अगदीच पोरगेला. त्याला लेन्सबद्दल चार गोष्टी सांगितल्या. त्याने ऐकल्या आणि विचारलं, कॅमेरा कशासाठी हवाय?

सांगितलं. मग त्याने वॉरंटीचा कागद काढून वाचला, की उंचावरून पडल्यास कंपनी जबाबदार नाही. मी विचारलं, किती उंचावरून? तो म्हणाला, टेबल वगैरे. मी म्हटलं, बारा हजार फूट. त्याने आतून मालकाला बोलावलं.

शेवटी सर्वात जास्त बटणं असलेला घेतला. पाण्यात तीस मीटर खोल चालतो. आकाशात उपयोग नाही, पण असू दे. किंमत इथे लिहीत नाही. बायको ही वही वाचत नाही, पण कपाट तीच आवरते.

१० मार्च
हेल्मेटवर कॅमेरा बसवला. याची गंमत अशी की हात मोकळे राहतात आणि जिकडे मान तिकडे चित्र. म्हणजे आपण जे बघतो तेच फिल्ममध्ये येतं. माझ्यासारख्या नजरेच्या माणसासाठी याहून चांगली सोय नाही.

सरावासाठी घरात हेल्मेट घालून वावरलो. कॅमेऱ्यामुळे माझी उंची वाढली आहे हे स्वयंपाकघराच्या दाराला माहीत नव्हतं.

११ मार्च
दुकानातही घातलं. एक आजी नंबर तपासायला आल्या होत्या. तक्त्यावरची वरची ओळ त्यांनी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, नातवाला घेऊन येते. आल्या नाहीत. काल दारात हेल्मेटची कड लागून माझ्या कपाळावर टेंगूळ आलंय.

१६ मार्च
कॅमेऱ्यासह पहिली उडी. क्लबच्या चार जणांनी हात धरून गोल केला, मी वरून टिपला. अप्रतिम. मला जवळजवळ वाऱ्याचा आवाजही ऐकू आला नाही, इतका कामात गुंगलो होतो.

संध्याकाळी
फिल्म पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझं डावं मनगट. मनगटावर अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, त्याचा काटा खाली सरकतोय. एका कोपऱ्यात कुणाचा तरी बूट.

कॅमेरा वाकडा बसला असणार.

१७ मार्च
कॅमेरा घट्ट केला. पुन्हा उडी. पुन्हा मनगट. या वेळी बूटही नाही.

मास्तर शेजारी येऊन बघत उभे राहिले. हे आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाले, तू घड्याळावरून नजर काढतच नाहीस. मी म्हटलं, ही शिस्त आहे. ते म्हणाले, शिस्त म्हणजे अधूनमधून बघणं. मग एक छोटा भोंगा दिला. हेल्मेटमध्ये कानाशी बसतो आणि पॅराशूट उघडायची उंची आली की टीं टीं करतो. म्हणाले, हा वाजेल, तू समोर बघ.

चांगलं साधन आहे. काळजी करणाऱ्या लोकांसाठी.

२३ मार्च
भोंगा लावूनही मनगटच. दोष कॅमेऱ्याचाच, याबद्दल आता शंका नाही. बायकोने दोन्ही फिल्मा पाहिल्या, एकदा फिल्मकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. तीन फिल्मा होत्या म्हणा. तिसरी मी दाखवली नव्हती, तिने शोधून पाहिली.

२५ मार्च
उपाय सापडला! चष्म्याच्या डब्यातलं रबर कापून पाचर केली आणि कॅमेऱ्याखाली ठोकली. आता कॅमेरा थोडा वर आणि उजवीकडे वळलेला. म्हणजे मी शिस्तीने मनगटाकडे बघत असलो तरी कॅमेरा बरोबर समोर बघतो. इतकी साधी गोष्ट कंपनीच्या लोकांना सुचू नये?

३० मार्च
विजय. फिल्ममध्ये चौघंही आले, डोक्यापासून पायापर्यंत, मधोमध. मास्तरांनी दोनदा पाहिली. म्हणाले, सुधारलास. म्हणाले, समोर बघायला लागलास. मी पाचरेबद्दल बोललो नाही. प्रत्येक कारागिराची काही हातोटी असते.

३१ मार्च
आज एक आक्रीत. जेवताना बायको म्हणाली, मीही एकदा उडी मारून बघते.  चार वर्षांत ती मैदानावर दोनदा आली, दोन्ही वेळा गाडीतून उतरली नाही.

म्हणाली, तू दर आठवड्याला तिथे जाऊन काय बघतोस ते मलाही बघू दे. पण एकदाच. पुन्हा नाही. माझे डोळे भीतीने मिटलेलेच असणार, तेव्हा फिल्म नीट काढ, निदान नंतर तरी मला दिसेल.

मी म्हटलं, तू फक्त उडी मार, बाकी माझ्यावर सोड.

ती म्हणाली, तेवढं एकच तुझ्यावर सोडतेय.

एकदाच. म्हणजे ही फिल्म चुकली की चुकली. बरं झालं कॅमेरामन मी आहे.

१ एप्रिल
मास्तरांची परवानगी मिळाली. टँडम उडी, म्हणजे बायको पट्ट्यांनी मास्तरांच्या छातीला बांधलेली, पॅराशूट मास्तरांचं. मी अंतर राखून समोर. मास्तर म्हणाले, मागच्या फिल्मा चांगल्या होत्या म्हणून देतोय. त्यांचं पॅराशूट वरच उघडतं, त्यानंतर त्यांच्याकडे बघायचं नाही, स्वतःचं उघडायचं. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

२ एप्रिल
साडूंना आमंत्रण दिलं. म्हणजे त्यांच्याच घरी, त्यांच्याच टीव्हीवर, पण आमंत्रण माझं. तेरा तारखेचा रविवार. मेहुणी म्हणाली, ताई खरंच उडी मारणार? साडू म्हणाले, आणि फिल्म खरंच दिसणार? हसून सोडून दिलं.

५ एप्रिल, सकाळी
रात्री बायको छान झोपली. मी विचार करत होतो. चौकट, प्रकाश वगैरे.

५ एप्रिल, दुपारी
झालं. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम.

विमानात मास्तरांच्या हातमोज्यावर काडेपेटीएवढा कॅमेरा होता. प्रत्येक टँडमला लावतात म्हणे. खेळणं. मी बोललो नाही, उगाच त्यांचा हिरमोड कशाला.

दारातून आम्ही सुटलो. तिचे डोळे गच्च मिटलेले. मास्तरांनी तिच्या खांद्यावर टकटक केलं, तिने डोळे उघडले आणि समोर मी. आणि ती हसली. वाऱ्याने गाल कानापर्यंत गेलेले, केस मास्तरांच्या तोंडात, आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा चेहरा मी पाहिला नव्हता. नजर म्हणून हलू दिली नाही. मनगट आहे हेही विसरलो.

मग त्यांचं पॅराशूट उघडलं आणि ती दोघं एकदम वर ओढल्यासारखी गेली. काय दृश्य! मी मान वर करून टिपत राहिलो. कानात टीं टीं सुरू झालं. वाटलं, कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली. म्हटलं, संपेपर्यंत घेऊ. तरी टीं टीं थांबेना. मग आठवलं की कॅमेरा टीं टीं करत नाही.

पॅराशूट उघडलं. नियमापेक्षा खाली उघडलं, पण उघडलं.

खाली आल्यावर मास्तर माझ्यावर ओरडले. हा माणूस ओरडू शकतो हे क्लबमध्ये कुणाला माहीत नव्हतं. मला महिनाभर उडीबंदी, आणि कॅमेरा हेल्मेटवरून उतरवायचा. कलेची किंमत मोजावी लागते.

बायको पट्टे सोडवून माझ्याकडे आली. तिने विचारलं, घेतलंस ना? मी म्हटलं, एकही क्षण सुटला नाही.

६ एप्रिल
फिल्म मुद्दाम पाहिली नाही. सर्वांनी एकत्र, मोठ्या पडद्यावर, पहिल्यांदा. बायको म्हणाली, एकदा बघून घे. मी म्हटलं, जे डोळ्यांनी पाहिलंय तेच त्यात आहे.

१३ एप्रिल
साडूंकडे गेलो. खुर्च्या मांडलेल्या. मी उभा राहून दोन शब्द बोललो. मग फिल्म लावली.

विमानाचं दार आलं. त्यानंतर निळं.

भिंतभर निळं. एक ढग आला आणि गेला. साडूंनी रिमोट उचलला, टीव्हीचं काहीतरी बिघडलं म्हणाले. मेहुणी उठून तार हलवून आली. बायको म्हणाली, मी कुठे आहे? आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाचर! मी मनगटाकडे बघेन या हिशेबाने ठोकलेली, आणि नेमका त्याच दिवशी मी समोर बघितलं. ती चौकटीच्या जरा खाली, जरा डावीकडे होती. मी पडद्याच्या खाली भिंतीवर बोट ठेवून जागाही दाखवली. सगळ्यांनी तिथल्या फुलदाणीकडे बघितलं.

फिल्म संपली. साडूंनी रिमोट खाली ठेवला. ते टोमणा मारत नाहीत म्हणजे परिस्थिती किती वाईट असेल. एकदाच मिळणारी गोष्ट होती आणि मी घालवली. मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर बायको म्हणाली, थांबा, माझ्याकडे एक आहे.

मास्तरांच्या खेळण्यातली. परवाच त्यांनी तिला पाठवली होती. तिनेही पाहिली नव्हती. म्हणाली, आधी तुझी बघायची होती.

तीच उडी. तिचे मिटलेले डोळे, खांद्यावर टकटक, आणि ते हसू, भिंतभर. मेहुणीने टाळी वाजवली. मग मास्तरांनी हात वळवला आणि पडद्यावर मी आलो. तोंड उघडं, गाल फडफडतायत, आणि मी एकटक बघतोय. अल्टिमीटर माझ्या नाकासमोर होता, तरी मी त्याच्या पलीकडे बघत होतो. मग त्यांचं पॅराशूट उघडलं आणि मी खाली लहान लहान होत गेलो, पण तोंड वरच. साडूंनी तेवढा भाग चार वेळा लावला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना गाडी ती चालवत होती. म्हणाली, माझ्याकडे नवीन शिकायला येतात ना, त्यांच्यात जो घाबरलेला असतो तो रस्ता सोडून काट्याकडे बघत बसतो. चार वर्षं भीती वाटत होती तर बोलला का नाहीस?

मी म्हटलं, भीती नव्हे, दक्षता.

ती म्हणाली, बरं. मग त्या दिवशी दक्षता कुठे गेली?

मी म्हटलं, समोर तू होतीस. हे मी विचार न करता बोलून गेलो.

 सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईला हॉर्न!

२० एप्रिल
मास्तरांचा फोन. ती फिल्म नव्या मुलांना वर्गात दाखवायची आहे, परवानगी देशील का? मला वाटलं होतंच. गुणांची कदर उशिरा का होईना, होते. विचारलं, विषय काय? म्हणाले, उंचीचं भान सुटलं की माणूस कसा दिसतो.

परवानगी बायकोने दिली. तिने स्वतःही ती फोनमध्ये ठेवली आहे आणि गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दाखवते. माझ्या तोंडावर थांबवते आणि सांगते, रस्त्याकडे बघायचं ते असं.

म्हणजे सध्या माझा चेहरा दोन वर्गांत शिकवला जातो. एकात असं करू नका म्हणून, दुसऱ्यात असंच करा म्हणून. फिल्मच्या शेवटी कॅमेरामनचं नाव येतं. दोन्हीकडे मास्तरांचं आहे.